अर्ध्या मैलावरची काच

जबलपूरच्या कांचघर भागातल्या गणपती मंडळात पाचव्या दिवशी व्याख्यान ठेवायची जुनी पद्धत आहे, आणि सत्यभामा भोयरनं त्या व्याख्यानाला न जाण्याची पद्धतही तितकीच जुनी. "एक माणूस बोलून राहिला अन् शंभर जणं जांभया देऊन राहिले, हे पाहाले मी काहून येऊ? घरी बसून भाजी निवडीन," असं ती आमंत्रण द्यायला आलेल्यांच्या तोंडावर सांगायची. तिच्या दारात जायचं म्हणजे पोरंसुद्धा चिठ्ठ्या टाकून ठरवायची, की आज शिव्या खायची पाळी कुणाची.

१९९८ साली मात्र ती गेली. सगळ्यांच्या आधी जाऊन पहिल्या रांगेतली मधली खुर्ची धरून बसली. मांडीवर जुन्या लुगड्यात बांधलेलं एक चपटं, चौकोनी ओझं. मंडळाचा सेक्रेटरी श्रीरंग, बँकेतला हसरा मुलगा, पुढे आला. "काकू, द्या ना, बाजूला ठेवतो."

"हात लावशील तर हात तोडीन," सत्यभामा म्हणाली. श्रीरंग हसतच मागे सरकला. काकू बोलल्या म्हणजे तब्येत बरी आहे, असं गल्लीत समजत.

समोर कागद लावला होता: 'पोखरण : आपली ताकद किती? वक्ते, श्री. विष्णुपंत देवपुजारी, सेवानिवृत्त अधिकारी'. मे महिन्यात वाळवंटात अणुबॉम्बच्या चाचण्या झाल्या, तेव्हापासून या विष्णुपंतांना असं काही स्फुरण चढलं होतं, की बॉम्ब जणू यांनीच रात्रंदिवस खपून घरच्या पाट्यावर वाटला. चौकात पेढे वाटले. सिव्हिल लाइन्समध्ये ओळखीच्या साहेबांकडे जाऊन अभिनंदन करून आले. आता व्याख्यान. पांढरा कुर्ता, कपाळाला गंध, सहासष्टाव्या वर्षीही ताठ मान. ही मान बघितली की सत्यभामेच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आज नाही, बत्तीस वर्षं होत होता.

बत्तीस वर्षांपूर्वी सत्यभामा अठ्ठावीस वर्षांची होती. आर्वीकडची पोर, लग्न होऊन जबलपूरला आली, कारण नवरा दिवाकर इथल्या एका दारूगोळ्याच्या कारखान्यात लागला होता. गोळ्यांमध्ये स्फोटक दारू भरायचं काम. कारखान्यात तिला कोणी दारू म्हणत नाही, माल म्हणतात. दिवाकर शांत माणूस. इतका शांत, की सत्यभामेला भांडायला शेजारी जावं लागे. शेजारच्या क्वार्टरमध्ये अनसूया ढोमणे राहायची. तिचा नवरा नथ्थूही दिवाकरच्याच शेडमध्ये. दोघी एकमेकींशी भांडत, आणि संध्याकाळी एकाच चुलीवर भाकरी टाकत.

पासष्ट साली लढाई लागली. हुकूम निघाला, की बॉम्ब पडले तर काचा उडून माणसं मरतात, तेव्हा सगळ्यांनी खिडक्यांना कागदाच्या पट्ट्या चिकटवा. दिवाकरनं कणकेची खळ शिजवली, जुन्या मराठी पेपरच्या पट्ट्या कापल्या आणि स्वयंपाकघराच्या खिडकीवर फुलीसारख्या लावल्या. काम नीट झालं का ते बघायला त्यानं ओल्या खळीत अंगठा दाबून पाहिला. "पूरी कणीक संपवली," सत्यभामा ओरडली. "बॉम्ब नाही पडला तर काय खाऊ, पट्ट्या?" दिवाकर हसला. लढाई संपली, पट्ट्या तशाच राहिल्या.

सहासष्टच्या मार्चमध्ये, दुपारी तीनच्या सुमाराला, ती तांदूळ पाखडत असताना जमीन हलली, मग आवाज आला, आणि खिडकीची काच तिच्यासमोर तडातडा तडकली. खाली मात्र पडली नाही. पट्ट्यांनी धरून ठेवली.

शेडमधले चौघंही गेले. दिवाकर, नथ्थू आणि आणखी दोघं. घरी आणण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. ग्वारीघाटावर जे नर्मदेत सोडलं ते कुणाचं होतं, हेही धड कुणाला ठाऊक नव्हतं.

चौकशी बसली. शेडचा सुपरवायझर होता विष्णुपंत देवपुजारी, तेव्हा चौतीस वर्षांचा. त्याच्या सहीचा कागद सत्यभामेच्या हातात पडला. तिनं तो शिकलेल्या माणसांकडून तीनदा वाचून घेतला. शेडमध्ये माल पन्नास किलो, म्हणजे नियमाइतकाच होता. यंत्रं ठीक होती. सगळं ठीक होतं. म्हणजे चूक माणसाचीच, आणि त्या वेळी हातात काम होतं दिवाकर भोयरच्या. त्याच्या हलगर्जीपणामुळे स्फोट झाला. पन्नास किलोनं घराची काच कशी फुटली असं तिनं चौकशीत विचारलं होतं, त्याचंही उत्तर खाली होतं. सदर काच जुनी असून आधीच तडकलेली होती.

आधीच तडकलेली! कसला निर्लज्ज माणूस म्हणावा हा! कॉलनीतल्या बावीस घरांच्या काचा फुटल्या होत्या, आणि आठवड्याच्या आत कारखान्याचा सुतार येऊन सगळ्या बदलून गेला. कॉलनीची एवढी काळजी कारखान्यानं त्याआधी कधी घेतली नव्हती आणि नंतरही घेतली नाही. सत्यभामेच्या दारात सुतार आला तेव्हा काच जागेवर नव्हती. पट्ट्यांसकट अलगद काढून, पाटावर निजवून, लुगड्यात बांधून ती ट्रंकेत गेली होती. "फेकून दिली," ती म्हणाली.

कागद आला त्याच दिवशी ती अनसूयेच्या दारात गेली. "अनसूये, हे खोटं आहे. माल जास्त होता. माही काच पाह्य, तुही पण फुटली होती ना!"

अनसूयेच्या कडेवर आठ महिन्यांची पोर होती, लतिका. डोळे सुजलेले. ती एवढंच म्हणाली, "तुह्या नवऱ्यानं माह्या नवऱ्याले खाल्लं." आणि दार लावून घेतलं. ते बत्तीस वर्षं लागलेलंच राहिलं. दोघी कॉलनी सोडून कांचघरात राहायला आल्या, एकाच गल्लीत, चार घरं सोडून. तरी नाही. मंडळात सत्यभामा प्रसाद वाटायला उभी राहिली, की अनसूया रांग सोडून दुसऱ्या बाजूला जायची. सत्यभामेला हे दर वर्षी नव्यानं लागायचं, आणि दर वर्षी त्याचा राग ती श्रीरंगवर नाहीतर भाजीवाल्यावर काढायची.

नवऱ्याच्या जागी तिला कारखान्यात नोकरी मिळाली. तोंड बंद करायला दिली, असं तीच सांगते. चाचणीच्या मैदानावर कागद चिकटवायचं काम. हे काम ऐकायला पोरखेळ, पण आहे मोठं हुशारीचं. लाकडाची एक फळी. तिला आठ गोल भोकं, पहिलं काजळाच्या डबीएवढं, शेवटचं जेवायच्या थाळीएवढं. सगळ्यांवर एकाच जातीचा कागद ताणून चिकटवायचा आणि फळी मैदानात ठरल्या जागी उभी करायची. मग सगळे खड्ड्यात दडतात आणि मधोमध माल उडवतात. हवेचा धक्का फळीवर आदळतो. मोठ्या भोकाचा कागद जरा धक्क्यानंही फाटतो, लहान भोकाचा फाटायला दणका लागतो. कुठल्या भोकापर्यंत कागद फाटला ते बघितलं, की धक्का किती होता ते कळतं, आणि धक्क्यावरून माल किती उडाला तेही. पुढेपुढे विलायती यंत्रं आली. पण सत्यभामा फळीकडे बघून आकडा सांगायची, आणि साहेब यंत्र बघून म्हणायचे, "भोयरबाई ठीक बोल रही है."

मैदानात काचाही लावत. आजूबाजूच्या गावांपर्यंत धक्का पोचतो का ते बघायला शंभर मीटरवर एक चौकट, दोनशेवर एक, तीनशेवर, चारशेवर. पन्नास किलो उडवले, की तीनशे मीटरपर्यंतच्या साध्या काचा तडकत. चारशेवरची हूं की चूं करत नसे. तिनं हे एकदा पाहिलं, दहादा पाहिलं, शंभरदा पाहिलं. तिचं क्वार्टर त्या शेडपासून अर्धा मैल होतं. आठशे मीटर. चौथी शिकलेल्या बाईला पुढचं गणित येत नव्हतं. पण पन्नास किलोनं तिथली काच फुटत नाही, एवढं तिला चुलीतल्या विस्तवाइतकं पक्कं ठाऊक झालं होतं.

चौऱ्याहत्तर साली पहिला अणुबॉम्ब उडवला, तेव्हा कारखान्यातही पेढे वाटले. विष्णुपंत तेव्हा मोठ्या हुद्द्यावर. खुशीत होता, म्हणून सत्यभामेनं पेढा हातात धरूनच विचारलं, "साहेब, अर्ध्या मैलावरची काच फुटायला माल किती लागतो?"

"बाई," तो म्हणाला, "स्फोटाचं गणित तुमच्या डोक्यात नाही शिरायचं. तुम्ही कागद चिकटवा." बाजूचे चार बाबू हसले. पेढा तिनं कुत्र्याला घातला. विष्णुपंत संध्याकाळपर्यंत हे विसरलाही असेल. ती नाही विसरली. सत्त्याण्णवच्या भूकंपात सारं जबलपूर हातात सापडेल ते घेऊन पळालं. कुणी दागिने घेतले, कुणी देव. सत्यभामा ट्रंक ओढत बाहेर आली.

तर असा हा विष्णुपंत आता हार घालून घेऊन उभा राहिला. मागे फळा. फळ्यावर खडूनं जबलपूरचा नकाशा, आणि स्टेशन मधोमध धरून काढलेली वर्तुळं.

"पंचेचाळीस किलोटन!" त्यानं सुरुवात केली. "एक किलोटन म्हणजे हजार टन माल. असा बॉम्ब समजा आपल्या स्टेशनवर फुटला. सिव्हिल लाइन्स, साफ. हे आपलं कांचघर, घरं भुईसपाट. आणि तिकडे पार ग्वारीघाटावर पंड्यांच्या घराच्या काचा फुटतील!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपलंच घर भुईसपाट होतं म्हणून टाळ्या वाजवणारी माणसं सत्यभामेनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. तिला किळस आली. घर भुईसपाट म्हणजे काय असतं, ते तिच्यापासून चार खुर्च्या पलीकडे बसलेली अनसूया सांगू शकली असती. अनसूया मान खाली घालून बसली होती. तिची लतिका, आता बत्तीस वर्षांची, आईला जवळजवळ ओढूनच घेऊन आली होती.

"आता विदेशी लोग क्या बोलते हैं?" विष्णुपंतांचा आवाज चढला. "म्हणतात, तुमचा बॉम्ब एवढा मोठा नव्हताच. जळतात, दुसरं काय! अरे, त्या वाळवंटातल्या गावात घरांच्या भिंतींना तडे गेले, ते काय फुंकर मारून? मित्रहो, नियम साधा आहे. तेच नुकसान दुप्पट लांब न्यायचं तर आठपट माल लागतो. तिप्पट लांब, सत्तावीसपट. म्हणून अंतर मोजा, तडा बघा, आणि माल किती ते सांगा. कागदावर माणूस काहीही लिहील. तडा खोटं बोलत नाही!"

पुन्हा टाळ्या. सत्यभामेनंही वाजवल्या. खरं तर हा नियम हवेच्या धक्क्याचा, आणि ती चाचणी झाली जमिनीखाली. तिथे हवा नाही, जमीन हलते, त्याचं गणित निराळं असतं. एवढं तर मैदानावरच्या चपराश्यालाही ठाऊक. पण ती बोलली नाही. तिला हवेचंच गणित हवं होतं, आणि बाबाजी ते आपल्या हातानं वाढत होते.

श्रीरंग माईकवर आला. "कोणाला काही प्रश्न?"

सत्यभामा उभी राहिली. ओझं खुर्चीवर ठेवलं.

विष्णुपंतांनी ओळखलं. चेहरा खुलला. "अरे वा! मित्रहो, या आमच्या भोयरबाई. तीस वर्षं मैदानावर कागद चिकटवले यांनी. टाळ्या झाल्या पाहिजेत! विचारा बाई, विचारा."

"एक गणित द्याचं होतं, साहेब. पन्नास किलो मालानं साधी काच किती लांबपर्यंत फुटते?"

"अच्छा, हे तर तुम्हालाच पाठ असेल. तीनशे मीटर."

"अन् अर्ध्या मैलावरची फुटली असंल तर? माल किती?"

"वा, छान प्रश्न!" गडी खडू घेऊन फळ्याकडे वळलाच. हौस दांडगी. "अर्धा मैल, आठशे मीटर. भागिले तीनशे. म्हणजे दोन पूर्णांक सदुसष्ट पट अंतर. आता दोन-सदुसष्ट गुणिले दोन-सदुसष्ट, परत गुणिले दोन-सदुसष्ट..." खडू कुरकुरत होता. "एकोणीस! पन्नास गुणिले एकोणीस, साडेनऊशे किलो. जवळजवळ एक टन, बाई!"

"मोठ्या अक्षरात लिहा. मागच्या लोकांले दिसत नाही."

त्यानं लिहिलं. खाली दोन रेघाही मारल्या. ९५०.

सत्यभामेनं लुगड्याची गाठ सोडली. पाटासकट काच उचलून, छातीशी धरून ती लोकांकडे वळली. शंभर तुकड्यांची काच, पिवळ्या पडलेल्या पेपरच्या फुलीनं एकत्र धरलेली. एका हातानं तिनं कनवटीचा कागद काढून श्रीरंगच्या हातात दिला. "वाच. जोरात वाच. खालची सही पण वाच."

श्रीरंग वाचू लागला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं. 'पन्नास किलो' येईपर्यंत ते गेलं. 'दिवाकर भोयर यांच्या हलगर्जीपणामुळे' याच्याजवळ तो अडखळला. सहीचं नाव वाचायच्या आधी त्यानं एकदा विष्णुपंतांकडे बघितलं. पण वाचलं त्यानं.

"ही माही काच. अर्ध्या मैलावरची," सत्यभामा म्हणाली. "आता सांगा साहेब, तडा खोटा की तुमची सही खोटी?"

विष्णुपंतांनी खडू खाली ठेवला. "ती... ती केस वेगळी आहे, बाई. ती काच जुनी..."

"बावीस घरच्या जुन्या होत्या?"

"तुम्हाला काही माहीत नसतं, उगाच!" तो एकदम भडकला. "मार्चचं टार्गेट होतं! लढाई नुकती संपलेली, साठा भरायचा होता, वरून रोज फोन. माल येऊन पडून राहिला होता, ठेवायला जागा नव्हती, मग शेडमध्ये नाही ठेवायचा तर काय माझ्या घरी..."

आणि तो थांबला. आपण काय बोललो ते त्याच्या कानांनी त्याला सांगितलं असावं. टाळ्यांना सरावलेली मंडळी त्याच्याकडे बघत होती. त्यानं डस्टर उचललं आणि फळ्याकडे वळला.

"पुसू नको!"

आवाज अनसूयेचा होता. ती कधी उठली, कुणाच्या लक्षात आलं नाही. लतिकेचा हात झटकून ती सरळ फळ्यापाशी गेली आणि आकड्यासमोर पाठ करून उभी राहिली. "हात लावून पाह्य. या देवासमोर सांगते, हात लावून पाह्य."

विष्णुपंतांनी डस्टर टेबलावर ठेवलं. मग हार काढला. मग काय करावं ते न सुचून मंडपाच्या मागच्या बाजूनं निघून गेले. त्यांना कुणी नमस्कारही केला नाही.

अनसूयेनं वळून आकड्याकडे बघितलं. तिला गणित येत नव्हतं, पण पन्नास कुठे आणि साडेनऊशे कुठे, एवढं कळायला गणित लागत नाही. "पन्नासच किलो असते," ती सत्यभामेकडे न बघता म्हणाली, "तर?"

"शेडमधी मधली भिंत होती. तुहा नथ्थू भिंतीपलीकडे होता." सत्यभामेनं आवाज मऊ वगैरे केला नाही. "पन्नास किलोले ती भिंत पुरली असती. भाजला असता. वाचला असता."

अनसूयेनं पदर तोंडाशी धरला. लतिका पुढे आली, तिला तिनं हातानंच थांबवलं. "बत्तीस वर्षं," ती म्हणाली. "बत्तीस वर्षं काहून नाही सांगितलं मले?"

"सांगितलं होतं. तुह्या दारात उभी राहून. तू दार लावलं."

अनसूया जवळ आली. काचेवरच्या पट्ट्यांकडे वाकून बघू लागली. जिथे दोन पट्ट्या एकमेकींवरून जात होत्या, तिथे वाळलेल्या खळीत एक अंगठा उमटलेला होता. रेषा न् रेषा दिसत होती. सत्यभामेचा अंगठा एवढा मोठा नव्हता.

सत्यभामेनं पाट पुन्हा खुर्चीवर ठेवून लुगडं गुंडाळायला घेतलं. गाठ बसेना. साठीचे हात, आणि येतानाच रस्त्यात ओझं तीनदा खाली टेकवलं होतं.

"मी धरू एक बाजू?" अनसूयेनं विचारलं.

या बाईला एक दिवस काय काय सुनवायचं, हे सत्यभामेनं बत्तीस वर्षं भांडी घासताना घोकून ठेवलं होतं. त्यातला एकही शब्द आता जागेवर सापडेना. याचाही तिला राग आला.

"धर," ती म्हणाली. "पण मी तुले माफ केलं असं समजू नको."

"नको करू."

"अन् सांभाळून धर. कडा अजून कापतात."